बाळंतिणीच्या उशाशी कोण?

लढाया कोणी जिंकल्या, किल्ले कोणी बांधले, गादीवर कोण बसले, हे आपण शाळेच्या इतिहासात वाचले. नळदुर्ग आणि परंडा हे दोन मोठे किल्ले तर आपल्याच जिल्ह्यात आहेत. परंतु त्या किल्ल्यात राहिलेल्या प्रत्येक माणसाला कोणत्या तरी माउलीने कळा सोसून जन्म दिला. त्या वेळी तिच्या उशाशी कोण बसले होते, तिचा हात कोणी धरला होता, हे कोणत्याही धड्यात मला सापडले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाचा विषय निवडावा असे ठरले तेव्हा हाच इतिहास मांडावा असे वाटले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकलेले, थोडे वाचलेले आणि थोडे स्वतः भोगलेले असे हे चार शब्द आहेत.

बाळंतिणीला औषधाइतकीच धीराची गरज असते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. आमच्या ओळखीच्या एका वैद्यबुवांनी मला चरकसंहितेतील मजकूर समजावून सांगितला. बाळंतिणीजवळ ज्या बायका असाव्यात त्या अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, कामात हुशार आणि कष्ट सोसणाऱ्या असाव्यात, आणि त्यांनी गोड बोलून तिचे मन शांत ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. सुश्रुतानेही वयाने पोक्त, बाळंतपणाच्या कामात तरबेज आणि नखे कापलेल्या चार बायका जवळ असाव्यात असे म्हटले आहे. नखे कापण्याची गोष्ट ऐकून मला फार कौतुक वाटले. स्वच्छता आणि माया या दोन गोष्टी तेव्हापासून जोडीने सांगितल्या गेल्या आहेत. मात्र या साऱ्या व्यवस्थेत नवऱ्याचे नाव कोठे येत नाही.

आपल्या खेड्यापाड्यांतही तीच रीत चालत आली. पहिले बाळंतपण माहेरी. माळवदाच्या घरातील आतली अंधारी खोली, बाज, बाजेखाली विळा किंवा लोखंडाचा तुकडा, कोपऱ्यात शेगडी. कळा सुरू झाल्या की सुईणबाईला बोलावणे जाई. तिने आल्याबरोबर बाळंतिणीच्या केसांच्या गाठी सोडाव्यात, घरातील कड्या-कुलपे उघडावीत, म्हणजे बाळाची वाट मोकळी होते, अशी समजूत होती. कुलूप उघडल्याने बाळंतपण सोपे होत नाही, हे आज आपण जाणतो. पण घरातली चार माणसे आपल्यासाठी धावपळ करीत आहेत, हे पाहून त्या बाईला धीर येत असला पाहिजे. सुईण पाठ चोळी, कानाशी बोलत राही, "झालं माय, आता थोडंच राहिलं" म्हणत राही. तिच्या हातून चुकाही होत. न उकळलेल्या विळ्याने नाळ कापल्याने धनुर्वात होऊन कित्येक लेकरे गेली, आडवे मूल असले तर आई आणि बाळ दोघेही जात. हे खरे असले तरी त्या खोलीत बाई एकटी नसे, हेही खरे आहे.

आणि नवरा? तो ढाळजेत. पहिलटकरणीचा नवरा तर दुसऱ्याच गावात. पत्र किंवा माणूस गेला म्हणजे त्याला बातमी कळायची आणि बारशाला तो पाहुण्यासारखा यायचा. बाळंतपण दुसरे-तिसरे असून सासरी असले तरी पाणी तापवायला लाकडे फोडणे आणि सुईणीला आणणे यापलीकडे त्याला काम नसे. आत काय चालले आहे हे विचारले तर लोक हसत. पाचवीला सटवाईची पूजा मांडून लेखणी आणि कोरा कागद ठेवायचा, ती बाळाचे नशीब लिहिते म्हणायचे. पण बापाने बाळाच्या आईला दोन शब्द बोलायचे, याचा मात्र कोठे उल्लेख नाही.

असे असूनही अडचणीच्या वेळी ही रीत मोडत असे, आणि मोडल्याने कोणाचे काही बिघडत नसे. याचा दाखला माझ्या आजीचा आहे. १९४८ साली आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि रझाकारांच्या भीतीने गावेच्या गावे रात्रीतून उठत होती. बार्शी तालुका हिंदुस्थानच्या हद्दीत असल्याने अनेक लोक त्या बाजूला आश्रयाला जात. आजीला नववा महिना होता. बैलगाडी निम्म्या वाटेत असताना तिला कळा सुरू झाल्या. सोबत एक म्हातारी शेजारीण तेवढी होती, दुसरी बाई नव्हती. म्हातारीने आजोबांना सांगितले, "लाजू नको, मागून धर तिला." आजोबांनी गाडीच्या आडोशाला बसून आपल्या छातीचा टेकू आजीच्या पाठीला दिला आणि पहाटेपर्यंत ते तसेच बसून राहिले. त्यांना काही बोलायला सुचले नाही. ते फक्त पांडुरंगाचे नाव घेत होते, असे आजी सांगे. माझ्या थोरल्या आत्याचा जन्म असा झाला. पुढे आजीची चार बाळंतपणे घरात, सुईणीच्या हातून, शेगडी-शेकासह झाली. पण म्हातारपणी ती आठवण काढायची ती त्या बैलगाडीच्या रात्रीचीच. ती म्हणे, "बाकीच्या येळंला समदं हुतं, पर तुझा आजा भाईर हुता."

आता थोडे मोठ्या माणसांविषयी. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्वजणी आदराने घेतो. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. बायकांवर उपचार करायला बाई डॉक्टर हवी, हा ध्यास त्यांनी घेतला त्याच्या मुळाशी हे दुःख होते. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या, आणि त्यांनी प्रबंध लिहिला तोही हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्रावरच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच त्या वारल्या. त्यांचे पती गोपाळराव यांनी बायकोला शिकविण्यासाठी साऱ्या समाजाशी भांडण घेतले, ही त्यांची थोरवी. पण ते तापट होते, लहान वयात त्यांनी आपल्याला मारले, हे आनंदीबाईंनी पत्रांत लिहिले आहे. मला यातून एक गोष्ट उमगते. नवरा बायकोसाठी मोठमोठ्या गोष्टी करू शकतो आणि तरीही मायेचा हात द्यायचा राहून जातो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बाईला दोन्हींची गरज असते.

ज्या बाईला नवराच नाही तिचे काय? त्याचे उत्तर सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात दिले. फसवल्या गेलेल्या विधवा लोकलाजेस्तव जीव देत किंवा जन्मलेल्या बाळाचा जीव घेत. त्यांच्यासाठी या पतिपत्नींनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, असा त्याचा अर्थ होता. सावित्रीबाई स्वतः त्या बायकांची शुश्रूषा करीत. तेथेच बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या जोडप्याने १८७४ साली दत्तक घेतला. तेच पुढे डॉक्टर झालेले यशवंतराव. एक नवरा आणि बायको दोघे मिळून परक्या बाळंतिणीचा आधार झाले, असे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी घडले आहे.

यानंतर दवाखान्यांचा काळ आला. आपण सोलापूरला जातो तेव्हा डफरीन चौकातून जातो. हे नाव ज्या लेडी डफरीन बाईंचे, त्या व्हाइसरॉयच्या पत्नी होत्या आणि १८८५ साली त्यांनी हिंदुस्थानातील बायकांना बाई डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून मोठा निधी उभारला. त्यातून ठिकठिकाणी जनानी दवाखाने निघाले, नर्स आणि सुईणींना शिक्षण मिळू लागले. पुण्यात १९०९ साली सेवासदन स्थापन झाले, रमाबाई रानडे यांनी ते वाढवले आणि तेथूनही परिचारिका तयार होऊ लागल्या. या सर्वांचे उपकार आपण विसरता कामा नये. २०१९ ते २०२१ या काळातील पाहणीत महाराष्ट्रातील शंभरात सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. २०१८ ते २०२० या काळात आपल्या राज्यात दर एक लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, साऱ्या देशात हे प्रमाण ९७ होते. एकेकाळी बाळंतपणाला बाईचा दुसरा जन्म म्हणत, ती भीती किती कमी झाली पहा. म्हणून घरीच बाळंत व्हा असे मी कोणाला कधीही सांगणार नाही.

पण दवाखान्याने एक गोष्ट घेतली. सुईणीच्या खोलीत नवरा बाहेर होता. दवाखान्याच्या खोलीत आईही बाहेर गेली. माझे पहिले बाळंतपण २००४ साली एका दवाखान्यात झाले. माझ्या आईला दारातच थांबवले. आत तीन बाजा, तीन बायका आणि धावपळीत असलेली एकच नर्स. मी ओरडले की "आता का ओरडतेस?" असे ऐकावे लागे. मला कळांचे दुःख विसरायला झाले, परंतु त्या सात तासांत मला माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही, हे विसरले नाही. शेवटी झाडलोट करणाऱ्या एका मावशींनी जाता जाता माझ्या कपाळावरचा घाम आपल्या पदराने पुसला. तेवढ्याने मला रडू फुटले आणि अंगात बळही आले. आमचे यजमान त्या वेळी आवारातल्या लिंबाखाली बसून होते. तुझा आवाज तिथवर येत होता, पण आत जायचे असते हे मला ठाऊकच नव्हते, असे ते पुढे म्हणाले.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. १८४० साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे पहिले बाळंतपण झाले तेव्हा तिचे पती अल्बर्ट तिच्याजवळ होते आणि त्यांचा फार आधार वाटला, असे राणीने लिहून ठेवले आहे. पुढे त्याच देशांत बाळंतपणे घरातून दवाखान्यात गेली आणि नवरे बाहेरच्या बाकावर येरझारा घालू लागले. १९६०-७० च्या सुमारास तेथील बायकांनी आग्रह धरला तेव्हा दारे पुन्हा उघडू लागली. मग डॉक्टरांनी याचा अभ्यास केला. १९८० साली ग्वाटेमाला या गरीब देशातील एका दवाखान्यातील पाहणी प्रसिद्ध झाली. काही बाळंतिणींजवळ एक साधी बाई सतत बसविली. ती नर्स नव्हती; ती फक्त हात धरी, पाठ चोळी आणि बोलत राही. बाकीच्या बायका नेहमीप्रमाणे एकट्या होत्या. एकट्या बायकांना दाखल झाल्यापासून बाळंत होईपर्यंत सरासरी १९ तासांहून अधिक लागले, सोबत असलेल्यांना पावणेनऊ तासांच्या आसपास. २०१७ साली १७ देशांतील २६ अभ्यास एकत्र पाहिले गेले, त्यात १५ हजारांहून अधिक बायका होत्या. ज्यांना सतत सोबत मिळाली त्यांची नैसर्गिक बाळंतपणे अधिक, पोट फाडण्याची वेळ कमी आणि मनावरचा ओरखडाही कमी, असेच दिसून आले. यात चमत्कार काही नाही. भीतीने अंग आखडते, आखडलेल्या अंगाला कळ अधिक लागते आणि अधिक कळेने पुन्हा भीती वाढते. ओळखीचा हात हातात असला की हे चक्र सैल होते. आपल्या सुईणी हेच करीत होत्या.

पुरुषांना या कामात आणण्याचे प्रयत्नही आपल्या शेजारीच झाले आहेत. भूम तालुक्याला लागूनच असलेल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. खेड्यातील निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले आणि त्यांच्या हातून सुरक्षित बाळंतपणे होऊ लागली. त्याचबरोबर गावोगाव पुरुषांची शेतकरी मंडळे काढून गरोदर बाईचा आहार, तिची विश्रांती या गोष्टी पुरुषांच्या बैठकीत बोलायला लावल्या. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील बायकांमधून 'भारतवैद्य' तयार केल्या, हे तर आपल्याला माहीतच आहे.

आणि एक जागा अशी आहे की जेथे नवऱ्यावाचून दुसरे कोणी नसतेच. ती म्हणजे उसाचा फड. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमारास कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा केला की पैसे कापले जातात, म्हणून दिवस भरत आले तरी बाई मोळ्या उचलते. कोपीत कळा सुरू झाल्या तर माय नाही, सासू नाही. शेजारच्या कोपीतली एखादी बाई आणि नवरा, एवढेच. तो तिला धरतो, पाणी पाजतो, मिळेल ते वाहन आणतो. आमच्या गल्लीतील अशा एका बाईला मी विचारले, "त्यांना लाज नाही वाटली?" ती म्हणाली, "लाज वाटायला येळ कुठं हुता, ताई?"

आजोबांची बैलगाडी असो की फडातली कोपी, हा इतिहास मला हेच सांगतो की गरज पडली तेव्हा आपला पुरुष उशाशी बसला आहे आणि त्याला ते जमले आहे. जे संकटात चालले ते चांगल्या दिवसांत का चालू नये?

आता तर सरकारी धोरणाचाही आधार आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण असू देण्यास परवानगी दिली. स्वतः बाळंतपण अनुभवलेली घरातील बाई असावी, आणि जेथे आडोशाची नीट सोय असेल तेथे नवऱ्यालाही येऊ द्यावे, असे त्यात म्हटले आहे. सोबत्याला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबावे, डॉक्टर-नर्सच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि दुसऱ्या बाळंतिणीकडे जाऊ नये, एवढ्याच अटी आहेत. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही बाईच्या पसंतीचा सोबती असावा असे सांगितले. पुष्कळ ठिकाणी एका खोलीत अनेक बाजा असतात, पडदे नसतात, म्हणून नवऱ्याला आत घेणे जमत नाही, ही अडचण खरी आहे. तेथे आई, सासू किंवा जाऊ तरी आत असलीच पाहिजे आणि तसे आपण नम्रपणे पण नेटाने मागितले पाहिजे.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या वेळी तिचे यजमान आत होते. तो मुलगा शेतकरी, फार बोलका नाही. त्याने काय केले ते पुतणीनेच मला सांगितले. तिला धरून खोलीत फेऱ्या घातल्या, कंबरेवर तळहाताने दाबून धरले, डॉक्टरांना विचारून घोट घोट पाणी दिले, कळ आली की तिच्याबरोबर स्वतःही सावकाश श्वास घेतला, आणि मोबाइल बंद करून खिशात ठेवला. तिने रागाने त्याचा हात झिडकारला तेव्हा तो रागावला नाही, नुसता बाजूला उभा राहिला. बाळ रडले तेव्हा मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी त्याने विचारले, "ही बरी आहे ना?" पुतणी म्हणाली, "काकू, हा शब्द मी जन्मभर विसरणार नाही."

सर्वच पुरुषांना हे जमेल असे नाही. रक्त पाहून कोणाला भोवळ येईल, त्याने बाहेर बसावे, त्यात कमीपणा नाही. एखाद्या बाईलाच संकोच वाटेल. तिची इच्छा आधी. पण बाहेर राहणाऱ्यालाही पुष्कळ करता येते. दिवस भरत आले की बाहेरगावी न जाणे, १०८ चा नंबर आणि पैसे तयार ठेवणे, माहेरी असली तर तारखेच्या आधी जाऊन राहणे, आणि "सगळ्याच बायका बाळंत होतात, तुझंच काय नवल" हे वाक्य तोंडातून न काढणे.

आणि भगिनींनो, यात आपलाही वाटा आहे. जावई लेकीच्या उशाशी बसला तर आपल्याला भरून येते. मुलगा सुनेच्या उशाशी बसला की "बायकोच्या मागे लागलाय" असे आपणच म्हणतो. दार आतून आपणच लावलेले असते. आपल्या मंडळात डोहाळजेवणे थाटात होतात. पुढच्या डोहाळजेवणाला ओटी भरून झाली की होणाऱ्या बाबालाही बोलवावे, पाटावर बसवावे, आणि आपल्यातील एखाद्या अनुभवी बाईने, शक्य झाल्यास नर्सताईंनी, त्याला अर्धा तास समजावून सांगावे, अशी माझी सूचना आहे. खर्च एका नारळाचा. पण त्यामुळे आपल्या गल्लीतील एक जरी लेक बाळंतपणाच्या खोलीत एकटी राहिली नाही, तरी मंडळाचे हे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.